साध्य : देवगिरी गळत नाही

पक्ष : एक निवृत्त भूमिती शिक्षक. साध्य : या शिक्षकांना भूमिती येत नाही. रचना : त्यांना संगणकासमोर बसवा, आत एक किल्ला बांधायला सांगा आणि आपण बाजूला व्हा. सिद्धता आपोआप होते.

मी नोकरीत असताना हे प्रमेय कुणी फळ्यावर लिहिलं असतं तर त्याला तास संपेपर्यंत वर्गाबाहेर उभं केलं असतं. आमच्या घरात मला मत नाही अशा विषयांची यादी बरीच लांब आहे : भाजी, पडदे, पाहुणे, गाडीचा रंग. भूमिती मात्र माझी. कंपास न घेता फळ्यावर वर्तुळ काढायचो आणि शेवटचं टोक सुरुवातीच्या टोकाला बरोबर येऊन मिळायचं, असं माझे विद्यार्थी अजून सांगतात. (काही जण सांगतात. उरलेल्यांना डस्टर आठवतं.)

माझी भाची परभणीची. इथं इंजिनिअरिंगला आहे आणि सिडकोत आमच्याकडेच राहते. रात्री उशिरापर्यंत तिच्या खोलीतून खटखट ऐकू येते, आणि पोरगी अभ्यास करतेय या समजुतीनं ही तिला रोज दूध नेऊन देते. एकदा दूध घेऊन मी गेलो. पडद्यावर एक दगडी खोली होती आणि भाची त्या खोलीच्या भिंतीचा कोपरा धरून ओढत होती.

“हे काय?”

“लेव्हल बनवायलेय, मामा.”

व्हिडिओ गेममध्ये खेळणारा ज्या जागेत फिरतो, त्या खोल्या, जिने, भुयारं, अंगणं, या सगळ्याला मिळून लेव्हल म्हणतात. ‘क्वेक’ नावाचा एक गेम १९९६ साली अमेरिकेतल्या इड सॉफ्टवेअर कंपनीनं काढला. १९९९ मध्ये त्याचा सोर्स कोडही खुला झाला. गेम म्हातारा झाला, पण त्याच्यासाठी नव्या लेव्हल बांधणारी माणसं जगभर अजून आहेत आणि त्यासाठी लागणारी सगळी अवजारं फुकट मिळतात. भाची त्यातलं ट्रेंचब्रूम नावाचं वापरते. ती म्हणाली, “तुम्ही दिवसभर सुडोकू सोडवायलात, त्यापेक्षा हे करा. ह्यात सगळी भूमितीच आहे.”

तिनं एका लेव्हलची फाइल उघडून दाखवली आणि मी पाघळलो. त्या फाइलमध्ये भिंत भिंत म्हणून लिहिलेलीच नसते. भिंतीच्या प्रत्येक पृष्ठासाठी तीन बिंदू लिहिलेले असतात, बस. तीन नैकरेषीय बिंदूंतून एक आणि एकच प्रतल जातं, हे वाक्य मी उभ्या हयातीत इतक्यांदा घोकून घेतलंय की माझ्या मुंजीतल्या मंत्रांपेक्षा ते मला जास्त पाठ आहे. अशी सहा प्रतलं एकत्र आली की मध्ये एक ठोकळा उरतो. त्याला ब्रश म्हणतात. मला वाटलं, या अमेरिकन पोरांनी माझ्या नववीच्या नोट्स ढापल्या.

उन्हाळ्याच्या सुटीत भाची परभणीला गेली आणि संगणक माझ्या ताब्यात आला. जाताना तिनं दोन गोष्टी सांगितल्या. एक, पहिली लेव्हल बीबी का मकबऱ्याची करा. तो चारी बाजूंनी सारखा आहे, एक चतुर्थांश बांधायचा आणि आरशात धरल्यासारखा उलटवायचा. दुसरी, ग्रिड सोडू नका. एडिटरमध्ये एक चौकटींचं जाळं असतं, एक, दोन, चार, आठ, सोळा एककांचं. प्रत्येक कोपरा त्या जाळ्याच्या गाठीवरच ठेवायचा.

मी दोन्ही गोष्टींना मान डोलावली आणि दोन्ही सोडून दिल्या. मकबरा म्हणजे सममिती, आणि सममिती आठवीला असते. मी देवगिरी बांधणार होतो. शाळेच्या किती सहली मी तिथं नेल्या असतील! शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटर. डबे खाली सोडायचे आणि पोरांना वर न्यायचं. यादव राजा पाचव्या भिल्लमानं बाराव्या शतकाच्या अखेरीस वसवलेला हा गड. डोंगराचा खालचा भाग तासून सरळसोट कडा केलेला, भोवती खडकात खोदलेला खंदक, आणि तो ओलांडल्यावर वर जायला वाट एकच : अंधेरी. खडकातून कोरलेला, वळणावळणाचा, चढत जाणारा काळाकुट्ट बोगदा. शत्रू आत शिरला की वरचं तोंड लोखंडानं बंद करून जाळ पेटवायचा आणि धूर आत सोडायचा, असा बेत. मी खालच्या तोंडाशी पोरं मोजायचो, वरच्या तोंडाशी पुन्हा मोजायचो, आणि मधल्या वटवाघळांच्या वासात कुणी कुणाची वेणी ओढली याचा न्याय करायचो. अंधेरीत अक्कल चालत नाही, पाठांतर चालतं. मला वाटलं, गेमला यापेक्षा चांगली जागा जगात नसेल. हे माझं मत अजूनही आहे, बाकीची बदलली.

ग्रिडबद्दल म्हणाल, तर देवगिरीचा डोंगर काय सोळा-सोळाच्या चौकटीत उगवलाय?

पहिली कुरबुर मापांवरून झाली. क्वेकमध्ये एक एकक म्हणजे साधारण एक इंच धरतात. डोंगर सुमारे २०० मीटर उंच, म्हणजे ७८७४ इंच. आणि क्वेकचं मूळ जग मध्यबिंदूपासून दोन्हीकडे ४०९६, म्हणजे एकूण ८१९२ एककांचं. डोंगर बसला! वर ३१८ एककं, म्हणजे आठ मीटर आकाशसुद्धा शिल्लक राहिलं. हे मी भाचीला फोनवर मोठ्या आनंदानं सांगितलं. ती म्हणाली, “उभा बसला मामा. आडवा?” आडवा बसत नव्हता. मग डोंगर चौथाईवर आणला, खंदक चौथाईवर आणला, आणि अंधेरी तेवढी माणसाच्या मापाची ठेवली, कारण माणूस चौथाई करता येत नाही. हा चौथाई खंदक पुढं येणार आहे.

दुसरी कुरबुर : ब्रश बहिर्वक्रच असावा लागतो. म्हणजे त्याच्या आतल्या कुठल्याही दोन बिंदूंना जोडणारा रेषाखंड पूर्णपणे त्याच्या आत राहिला पाहिजे. मी काटकोनात वळणारी एक भिंत एकाच ठोकळ्यात करायला गेलो. कोपरा धरून आत ढकलावा, तर पाहिजे तसा खळगा काही पडेना. बहिर्वक्र बहुभुजाची व्याख्या न आल्याबद्दल मी पोरांना बाकावर उभं केलेलं आहे. त्या दिवशी मी खुर्चीवर बसूनच राहिलो, कारण घरात कुणी बघत नव्हतं.

आता मुख्य गुन्हा. माझ्याकडं एक भलामोठा डोंगर होता आणि त्यातून अंधेरी काढायची होती. भाचीनं सांगितलेला मार्ग असा : बोगद्याची जमीन, छत, डावी भिंत, उजवी भिंत असं एकेक वळण ठोकळ्यांनी रचत न्यायचं. म्हणजे पोकळी आधी, डोंगर नंतर. मला हे पटेना. वेरूळ आमच्यापासून तीस किलोमीटरवर आहे. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळात, तिथल्या लोकांनी अख्खं कैलास लेणं डोंगरातून वरून खाली कोरत आणलं. आधी कळस, मग खांब, मग पाया. दोन लाख टन दगड काढला असा अंदाज सांगतात. कोरणं हे इथल्या पाण्यात आहे, आणि मी विटा रचत बसू? एडिटरमध्ये वजाबाकीची सोय होती. एक ठोकळा दुसऱ्यातून वजा करायचा. डोंगर वजा बोगदा बरोबर अंधेरी. मी बोगद्याचे तिरपे, वाकडे ठोकळे करून डोंगरात खुपसले आणि वजाबाकी केली. क्षणात बोगदा तयार. कृष्णराजाला हे बटण मिळालं असतं तर काय काय केलं असतं, या विचारानं मी चहा मागितला.

पुढं कळलं की जगात असे गेम आहेत जिथं हे चाललं असतं. १९९८ च्या ‘अनरिअल’च्या एडिटरमध्ये जग आधी भरीवच असतं आणि तुम्ही त्यातून पोकळी काढायची. म्हणजे वेरूळच. क्वेकमध्ये आधी काहीच नसतं. पोकळीभोवती भिंती उभ्या करायच्या. म्हणजे मकबरा. मी मकबऱ्याच्या कारखान्यात वेरूळचं काम काढून बसलो होतो. आणि प्रत्येक तुकडा बहिर्वक्र हवा या नियमामुळं एडिटरनं माझा डोंगर बोगद्याच्या प्रत्येक बाजूच्या प्रतलातून आरपार कापला होता. बाहेरून तो अखंड दिसत होता. आतून त्याच्या कपच्या, चिपा, पाचरी झाल्या होत्या. एक पाचर तर एवढी निमुळती की तिचं टोक कुठं संपतं ते बघायला मला पडदा चारदा मोठा करावा लागला.

मला तेव्हा हे काही माहीत नव्हतं. मी मशाली लावल्या, खालच्या तोंडाशी नायक उभा केला आणि ‘कंपाइल’ म्हटलं.

इथं जरा कामकाज सांगतो. क्यूबीएसपी नावाचा प्रोग्राम अख्खी जागा प्रतलांनी कापत जातो, प्रत्येक तुकडा एक तर पूर्ण भरीव किंवा पूर्ण पोकळ होईपर्यंत. ही युक्ती हेन्री फुक्स, झ्वी केडेम आणि ब्रूस नेलर यांनी १९८० साली मांडली. जॉन कारमॅकनं ती १९९३ च्या ‘डूम’मध्ये आणि मग ‘क्वेक’मध्ये आणली. कापून झालं की प्रोग्राम बाहेरच्या पोकळीतून आत यायला वाट आहे का ते बघतो. आमच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं तेव्हा कंत्राटदारानं कडेनं वरवंडी घालून गच्चीभर पाणी भरून ठेवलं होतं आणि खाली छताला ओल येते का ते बघत बसला होता. हा प्रकार तोच. ज्या शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही तिथं अशी चाचणी संगणकालाच परवडते. ओल आली नाही, तर बाहेरची सगळी पृष्ठं, जी कुणाला कधी दिसणारच नाहीत, ती तो फेकून देतो. आली, तर हात वर करतो. याला लीक म्हणतात.

माझ्या पडद्यावर जे इंग्रजी उमटलं त्याचा मथितार्थ असा होता : आत राहणाऱ्यापर्यंत पोचलो आहे, भरणी केलेली नाही.

पण प्रोग्राम माणुसकीला धरून आहे. गळती कुठं आहे त्याची एक रेघ तो काढून देतो. रेघेचं एक टोक आतल्या कुठल्या तरी वस्तूपाशी, दुसरं बाहेरच्या काळ्या पोकळीत; मध्ये जिथून ती भिंत ओलांडेल तिथं भोक. किती सोपं! माझी रेघ एका मशालीपाशी सुरू होत होती आणि कुठलीच भिंत न ओलांडता थेट बाहेर जात होती. मी ती मशाल वरून बघितली : अंधेरीच्या बरोब्बर मध्ये. पुन्हा बघितली : मध्येच. शेवटी चुकून बाजूचं दृश्य उघडलं, तेव्हा मशाल अंधेरीच्या फरशीखाली, गडाच्या बाहेर, अधांतरी जळत होती. लांबी बरोबर, रुंदी बरोबर. उंची द्यायची राहिली होती. यात माझा दोष तो काय? मी आयुष्यभर फळ्यावर शिकवलं आणि फळ्याला खोली नसते.

मशाल वर घेतली, तर रेघ खंदकातून जायला लागली. खंदकाला तळ नव्हता. मी तळाच्या जागी पाणी भरलं होतं. म्हटलं पाणी आहे तर खाली फरशी कशाला दिसते कुणाला? पण क्वेकमध्ये पाण्यानं पोकळी बंद होत नाही. दारानं होत नाही, हलणाऱ्या कुठल्याच वस्तूनं होत नाही. तळ घातला. मग रेघ अंधेरीत शिरली, दुसऱ्या वळणापर्यंत गेली आणि तिथल्या कोपऱ्यातून पसार झाली. कोपरा बघितला. भिंत होती. मोठा करून बघितला. भिंतच. मी बाहेरून एक ठोकळा ठिगळासारखा लावून दिला. रेघ तिसऱ्या वळणातून जायला लागली. तिथंही ठिगळ. मग पहिल्या. मग छतातून. माझ्या अंधेरीवर इतकी ठिगळं झाली की बाहेरून बघताना आत बोगदा आहे हेच ओळखू येईना, आणि तरी ती गळत होती. हिनं एकदा चष्मा लावून बघितलं आणि “जुना कोट आहे का?” असं विचारलं.

त्यातच महादरवाजा लुकलुकायला लागला. लेव्हल गळकी असली तरी हिंडून बघता येते, फक्त मशीन कण्हत चालतं. दारापाशी गेलं की दाराच्या कडेचा पट्टा कधी दगडी दिसे, कधी लाकडी. मान जरा हलवली की पुन्हा उलट. माझ्या वडिलांना मोतीबिंदू होता. मी दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. आमच्या शहरात कुठल्याही डॉक्टरकडे गेलो तरी तो माझा विद्यार्थी निघतो, आणि माझा विद्यार्थी निघाला की पुढची पाच मिनिटं मला भीती वाटते. यानं थेंब टाकून, दिवे मारून सगळं तपासलं.

“सर, हे सगळ्या दरवाजांना होतं?”

“नाही. एकाच.”

“घरातल्या?”

“किल्ल्याच्या.”

त्यानं पेन खाली ठेवलं. “सर, मोतीबिंदूला दरवाजे ओळखता येत नाहीत.”

खुलासा साधा होता. मी दाराची फळी आणि चौकटीचा दगड एकाच प्रतलात ठेवून एकमेकांवर चढवले होते. दोन पृष्ठं एकप्रतलीय असली की वर कुठलं दाखवायचं ते संगणकाला ठरवता येत नाही आणि तो दोन्ही आलटून पालटून दाखवतो. दार दोन एककं आत सरकवलं आणि माझी दृष्टी सुधारली. डॉक्टरनं फी घेतली नाही, पण जाताना “सर, भूमितीत मला पस्तीस दिले होते तुम्ही” एवढं म्हणाला.

यानंतर मी जे केलं त्याला इतिहासात आधार आहे. मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी याच देवगिरीला, म्हणजे दौलताबादला, आणली, आणि पुढं काही वर्षांनी लोकांना परत दिल्लीला जायला सांगितलं. जाता-येता वाटेत किती मेले त्याची गणती नाही. मी उपग्रहाचं चित्र बघत होतो, तेव्हा लक्षात आलं की माझा गड उत्तरेपासून सात अंश फिरलेला आहे. माणसानं एवढी गळती चालवून घ्यावी, पण दिशा चुकू देऊ नये. मी अख्खा गड निवडला आणि सात अंशांनी फिरवला. प्रत्येक शिरोबिंदू अपूर्णांकात गेला. मग ‘शिरोबिंदू पूर्णांकात आणा’ अशी एक आज्ञा दिसली, ती दिली. प्रत्येक कोपरा जवळच्या पूर्णांकावर जाऊन बसला, कुणी अर्धा इंच डावीकडे, कुणी पाव इंच वर. मग गड बघवेना, म्हणून सात अंशांनी परत फिरवला आणि तीच आज्ञा पुन्हा दिली. तुघलकाच्या लोकांप्रमाणेच माझे बिंदूही दिल्लीला परत आले, पण निघताना होते ते आले नाहीत. काही पाचरी तर वाटेतच वारल्या. तीन बिंदू एका रेषेत आले की प्रतल कसलं राहतंय? एडिटरनं त्यांचं श्राद्ध घातल्यासारखी एक यादी दिली.

शेवटी मी सगळ्या जगात नवखे करतात तो उपाय केला, कुणी न शिकवता. अख्ख्या गडाभोवती एक प्रचंड खोका बांधला, सहा भिंतींचा, आकाशाच्या रंगाचा. आता गळेल कुठं? कंपाइल. लीक नाही! मी हिला हाक मारून पेढे आहेत का विचारलं.

लीक नसली की पुढचा प्रोग्राम चालतो. त्याचं नाव व्हिज. प्रत्येक पोकळीतून दुसरी कुठली कुठली पोकळी दिसू शकते याची यादी तो आधीच करून ठेवतो, म्हणजे खेळताना न दिसणारं काही काढावं लागत नाही. यादवांनी अंधेरीला वळणं दिली ती शत्रूला पुढचं दिसू नये म्हणून. व्हिजलाही नेमकी अशीच वळणं आवडतात. प्रत्येक वळणापाशी हिशेब तुटतो. पण माझ्या खोक्यामुळं आता गडाची बाहेरची बाजूसुद्धा ‘आतली’ झाली होती. वजाबाकीच्या सगळ्या कपच्या, सगळी ठिगळं, त्यांच्यामधल्या सगळ्या फटी, या प्रत्येकीतून काय दिसतं ते मोजणं आलं. रात्री जेवण करून सुरू केलं. टक्केवारी दिसत होती आणि माझ्या पेन्शनच्या वेगानं वाढत होती. मध्यरात्री ही उठून आली.

“अहो, हे यंत्र अजून काय करतंय?”

“कुठून काय दिसतं ते मोजतंय.”

“त्याला रात्रभर कशाला लागतं? मला विचारायचं. आपल्या गॅलरीतून समोरच्यांचं अख्खं स्वयंपाकघर दिसतं.”

पहाटे वीज गेली. इन्व्हर्टरवर पंखा होता, संगणक नव्हता.

मी परभणीला फोन लावला. भाचीनं फाइल मागवली, तासाभरानं उलट फोन केला, आणि बराच वेळ नुसती हसली. मग म्हणाली, “मामा, तुम्ही कोपऱ्यांना भिंती लावायलात. कोपरे तर फाइलीत नसतेतच की.”

हे ऐकून मी खरोखर उठून उभा राहिलो. बरोबर! फाइलमध्ये फक्त प्रतलं आहेत. कोपरा कुठंच लिहिलेला नाही. तो प्रत्येक वेळी हिशेबानं काढला जातो, तीन प्रतलं जिथं छेदतात तिथं. तीन प्रतलं एका बिंदूत मिळतात, हे ठीक. पण माझ्या वाकड्या वळणावर तिसऱ्या भिंतीला लागून चौथी भिंत होती, आणि चौथं प्रतल त्याच बिंदूतून जाईल याची हमी जगातल्या कुठल्याच प्रमेयानं दिलेली नाही. ते बिंदूच्या जरासं अलीकडून जातं. प्रोग्राम थोडी सूट देतो, दशांश चिन्हापुढं दोन-तीन घरांपर्यंत, त्यापलीकडं फट. दुसऱ्या वळणावरची ती फट भाचीनं मोजून सांगितली : एका एककाचा पाचवा हिस्सा. पाच मिलिमीटर. तीतून मुंगी गेली असती, उंदीर गेला नसता, आणि अख्खं बाहेरचं विश्व गेलं होतं. खऱ्या देवगिरीच्या भिंतींतून पिंपळ उगवलेत, तरी तो उभा आहे. आमच्याकडं मात्र मुंगीला परवानगी नाही.

“अन् म्हणून ग्रिड,” ती म्हणाली. “गाठीवर ठेवलं की चौथंबी तिथंच येतं.”

मी सगळा गड पुसला आणि पुन्हा बांधला. मुकाट्यानं ठोकळा-ठोकळा रचत, पोकळी आधी, डोंगर नंतर, सोळाच्या ग्रिडवर. अंधेरीची प्रत्येक फरशी, प्रत्येक छत, प्रत्येक वळण. दुसऱ्या वळणाला मी जरा जास्त अंधार ठेवला, तिसऱ्याला एक फसवं दार केलं, वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण आणि त्याखाली जाळ. भिंतीमागून वटवाघळांचा आवाजसुद्धा. आणि तिरप्या बाजूंना एक नियम लावून घेतला : सगळे उतार ४५ अंशांचे. सोळा आडवं, सोळा उभं. हा एकच उतार असा की कुठंही कापला तरी गाठीवरून हटत नाही. डोंगर ४५, कडा ४५, बुरुजाची ढाळ ४५. कंपाइल केलं. लीक नाही. व्हिज मी चहाचं पाणी ठेवायला गेलो तेवढ्यात संपलं.

सुटी संपून भाची आली. बॅग ठेवली, हातपाय धुतले आणि संगणकासमोर बसली. मी मागं उभा राहिलो. पाठ्यपुस्तक मंडळाच्या तज्ज्ञांसमोर पाठ घेतानाही एवढं धडधडलं नव्हतं. नायक खंदकाच्या काठी उभा. अल्लाउद्दीन खिलजीनं १२९६ मध्ये इथं वेढा घातला तेव्हा आत धान्याची म्हणून भरलेली पोती मिठाची निघाली, अशी गोष्ट सांगतात. म्हणजे गड पडला तो उपासमारीच्या भीतीनं, भिंत ओलांडून कुणी आलं म्हणून नव्हे. हे मी तिला सांगत होतो तोवर तिनं दोन पावलं मागं घेतली, पळत आली आणि खंदकावरून उडी मारली. चौथाईचा होता ना.

“आता डावीकडं पूल, मग अंधेरी—” मी म्हणालो.

ती डावीकडं वळलीच नाही. समोर कडा होता, ती त्याच्यावर चढायला लागली. सरळ, चालत, हात न टेकता.

“अगं, तो कडा आहे!”

“जमीन आहे, मामा.”

खरंच होती. क्वेकचा हिशेब असा की पृष्ठाला काढलेल्या एकक लंबाचा उभा घटक ०.७ पेक्षा जास्त असला तर त्या पृष्ठावर चालता येतं. ४५ अंशांचा कोसाइन ०.७०७. दहावीचं कोष्टक. माझ्या हातचं लिहिलेलं ते अजून शाळेच्या भिंतीवर असेल. यादवांनी छिन्नीनं सरळसोट तासलेला कडा मी स्वच्छ, ग्रिडवर बसणारा, न गळणारा केला होता. आणि यादवांचा देवगिरी माझ्या सात सहस्रांशांनी पडला.

भाची वर पोचली. बुरुजावरून तिनं चारी दिशांना बघितलं, आकाशात एक गोळी झाडली.

“लई भारी झालाय, मामा. कुठंच गळत नाही. अन् ती अंधेरी कुठंय?”

“खाली. तू जिथून आत यायचं तिथून आलीच नाहीस. उतर, दाखवतो.”

तिनं स्वयंपाकघराकडं मान वळवली.

“उद्या बघू,” ती म्हणाली. “मामीनं धपाटे लावलेत.”